दुरून रुपया साजरा

जुन्या नाण्याची किंमत तीन गोष्टींवर ठरते, असे नाणेशास्त्र मानते : ते किती दुर्मीळ आहे, ते किती जणांना हवे आहे आणि ते कोणत्या अवस्थेत आहे. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी सूचिग्रंथ चाळून घरबसल्या कळू शकतात. तिसरी मात्र नाणे चिमटीत धरून, भिंगाखाली घेऊन आणि दिव्याखाली हळूहळू तिरपे करूनच कळते. ऑनलाइन खरेदीत नाणे, भिंग आणि दिवा या तिन्ही वस्तू विक्रेत्याच्या टेबलावर असतात आणि ग्राहकाच्या हाती केवळ पैसे असतात, तेही व्यवहार पुरा होईपर्यंतच. अशा परिस्थितीत नाण्याची अवस्था कशी जोखावी हा प्रश्न वरकरणी तांत्रिक असला, तरी त्याचा बराचसा भाग मनुष्यस्वभावाच्या खात्यावर मांडावा लागतो.

या प्रश्नाच्या अभ्यासासाठी इंदूरजवळचे महू हे गाव फार सोयीचे आहे. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव झाला, जानेवारी १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला आणि त्यानंतर इंग्रजांनी येथे छावणी वसवली. त्यामुळे होळकरांचे रुपये आणि राणी व्हिक्टोरियाचे रुपये या परिसरात शेजारशेजारच्या घरांत, आणि पुष्कळदा एकाच देवघरात, सुखाने नांदले. १८९१ साली याच छावणीत जन्मलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ साली लंडनमध्ये ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ प्रसिद्ध करून रुपयाचा प्रश्न चांदी, सोने आणि विनिमयदर यांच्या पातळीवर मांडला. आजच्या महूकर संग्राहकापुढे असलेला रुपयाचा प्रश्न त्या मानाने किरकोळ आहे, परंतु झोप उडवण्याची त्याची क्षमता कमी लेखता येत नाही. कारण तो रात्री साडेअकराच्या सुमारास, बोली बंद होण्यास चार मिनिटे उरली असताना, ‘राणीच्या गालावर दिसतो तो ओरखडा की कॅमेऱ्याच्या काचेवरचा केस?’ अशा स्वरूपात उभा राहतो.

वास्तविक इंदूरचा सराफा महूपासून तासाभराच्या अंतरावर आहे. तेथे दिवसा चांदी तोलली जाते आणि रात्री त्याच दुकानांच्या पायऱ्यांसमोर गराडू तळले जातात, म्हणजे नाणे पसंत न पडले तरी फेरी वाया जात नाही. परंतु समोरासमोरच्या व्यवहारात नाणे नाकारण्याची एक सामाजिक अडचण असते, विशेषतः दुकानदाराने आधीच चहा-पोहे मागवले असतील तर ती फारच जाणवते. पडद्यावर पोहे नसतात, भीड नसते आणि ‘नको’ म्हणणे अंगठ्याच्या एका हालचालीवर असते. पण माणूस असा की जेथे नकार देणे सर्वांत सोपे, तेथेच तो ‘हो’ म्हणून बसतो.

नाण्याची अवस्था सांगण्यासाठी जी परिभाषा वापरली जाते तिच्यातील प्रत्येक पायरीला ‘ग्रेड’ म्हणतात. आज जगभर चालणारी ७० अंकांची श्रेणी विल्यम शेल्डन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४९ साली जुन्या अमेरिकी सेंटसाठी मांडली; तिच्यात १ म्हणजे नाणे कोणते आहे एवढे जेमतेम ओळखू येणे आणि ७० म्हणजे पाचपट मोठे करून पाहिले तरी दोष न सापडणे. या श्रेणीतील सौजन्य नवख्या ग्राहकाच्या लक्षात यायला वेळ लागतो. ‘गुड’ ही पायरी ७० पैकी ४ अंकांची आहे, ‘व्हेरी गुड’ ८ अंकांची, ‘फाइन’ १२ अंकांची, आणि ‘व्हेरी फाइन’ २० पासून सुरू होते; म्हणजे शाळेत ज्या गुणांसाठी पालकांना बोलावून घेतले असते, त्याच गुणांना येथे शाबासकी मिळते. ‘एक्स्ट्रीमली फाइन’ ४० वर येते, ‘अबाउट अनसर्क्युलेटेड’, म्हणजे जवळजवळ न वापरलेले, ५० वर, आणि ६० पासून पुढचे अंक चलनात मुळीच न फिरलेल्या नाण्यांसाठी राखून ठेवलेले आहेत. हा शेल्डन माणसांच्या शरीरयष्टीचेही असेच अंकांनी वर्गीकरण करीत असे. १९७७ साली तो वारला, आणि त्यानंतर असे उघडकीस आले की न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातील उत्तम सेंट काढून त्यांच्या जागी त्याने स्वतःचे कमी प्रतीचे सेंट ठेवून दिले होते. दोन नाण्यांच्या अवस्थेतील फरक त्याला किती अचूक कळत असे, याचा याहून भक्कम पुरावा कोणत्याही शास्त्रज्ञाने मागे ठेवलेला नसेल.

६० ची ही सीमारेषा नीट पाहिली की या शास्त्राचे नैतिक अंग उघडे पडते. ज्या रुपयाने दुष्काळात घरात ज्वारी आणली, लग्नात आहेर म्हणून मिरवला, सावकाराच्या पेढीवर गेला आणि शेतसाऱ्यात भरला गेला, त्याला बाजार १२ अंक देतो आणि वर ‘फाइन’ म्हणून त्याची बोळवण करतो; जो रुपया टाकसाळीतून निघाला तो थेट थैलीत जाऊन सव्वाशे वर्षे कोणाच्याही कामी न येता पडून राहिला, त्याला ६३ अंक आणि मखमली डबी मिळते. नाण्याने नाण्याचे काम केले की त्याला दोष लागतो, हे या बाजाराचे मूलतत्त्व आहे. राज्यकर्ते या बाबतीत पुष्कळ उदार होते. रुपयाचे प्रमाण वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा किंवा ११.६६ ग्रॅम असे. १९०६ च्या नाणे कायद्याने झिजेमुळे त्यात दोन टक्क्यांपर्यंत घट आली तरी रुपया कायदेशीर मानला जाई. म्हणजे सुमारे ११.४३ ग्रॅम भरेपर्यंत सरकारला त्याच्याविषयी तक्रार नव्हती, आणि जेथे सरकारची तक्रार नाही तेथे संग्राहकाची मात्र आधीच सुरू झालेली असते. हे आकडे ग्राहकाच्या उपयोगाचे आहेत, कारण विक्रेत्याकडून काट्यावर ठेवलेल्या नाण्याचे छायाचित्र मागवता येते. राणीचा रुपया १०.८ ग्रॅम भरत असेल तर एवढी झीज केवळ व्यवहाराने होत नाही, आणि चर्चा तेथेच थांबवलेली बरी. चुंबकाची परीक्षाही सर्वश्रुत आहे, कारण चांदीला चुंबक ओढत नाही. मात्र १९४७ चा रुपया शुद्ध निकेलचा असल्यामुळे तो चुंबकाला चिकटतो, आणि अस्सल १९४७ चा रुपया ‘नकली’ म्हणून परत पाठवणारे चोखंदळ ग्राहक विक्रेत्यांच्या करमणुकीचा मोठाच भाग व्यापतात.

वापराने झिजलेल्या नाण्याची कथा निदान सरळ असते. प्रेमाने बिघडलेल्या नाण्याची नसते. टाकसाळीत ठशाचा दाब पडताच चकतीचा धातू मध्यापासून कडेकडे सरकतो आणि त्या सरकण्याच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर राहून जातात. नाणे तिरपे करून फिरवले की या रेषांवरून परतणारा प्रकाश चाकाच्या आऱ्यांप्रमाणे गोल फिरताना दिसतो, म्हणून संग्राहक त्याला ‘कार्टव्हील’ म्हणतात आणि न वापरलेल्या नाण्याची खूण मानतात. ही झळाळी एकदा पुसली गेली की कोणत्याही उपायाने परत येत नाही. आता मराठी घरातील रुपयाचा वार्षिक कार्यक्रम पाहावा. धनत्रयोदशीला तो डब्यातून निघतो, चिंचेने किंवा लिंबाने चोळला जातो, नंतर रांगोळीने किंवा तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी आणलेल्या पितांबरीने घासला जातो, पंचामृतात बुडतो, पुन्हा घासला जातो, आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी हळदकुंकू लावून पाटावर बसतो. ‘हात फिरे तेथे लक्ष्मी वसे’ ही म्हण ज्या समाजाने रचली त्याच्या घरी जेथे जेथे हात फिरला तेथून बाजारभावाची लक्ष्मी दरवर्षी थोडी थोडी निघून गेली, हे संग्राहकाचे दुःख आहे; घरातल्या आजींचे मात्र नाही, कारण त्यांच्या हिशेबी रुपया दरवर्षी अधिक चमकत होता, आणि ते खरेही होते.

छायाचित्रात ही भक्ती ओळखता येते. खरोखर न वापरलेल्या नाण्यावर अक्षरांच्या खाचा आणि मोकळी जागा यांच्या रंगात मोठा फरक नसतो. घासलेल्या नाण्यावर मोकळी जागा पांढरीशुभ्र आणि अक्षरांच्या कुशीत मात्र काळपट मळ, कधी कधी थोडे लालसर कुंकूही, अशी स्थिती असते. समांतर जाणाऱ्या केसाएवढ्या बारीक रेघा दिसल्या तर त्या रांगोळीच्या समजाव्यात. काही धंदेवाईक मंडळी यंत्रावर फिरणाऱ्या तारेच्या ब्रशने नाणे घासून खोटी झळाळी आणतात. ती स्थिर छायाचित्रात अस्सल झळाळीहूनही अस्सल दिसते, पण नाणे फिरवले तरी तिचे आरे फिरत नाहीत. म्हणून समजदार ग्राहक छायाचित्र पाहून भाळत नाही, तो नाणे फिरवतानाचा व्हिडिओ मागतो. त्यावर येणारे उत्तर बहुधा ‘भिया, पीस एकदम नॅचरल है’ असे असते, आणि त्यासोबत तेच छायाचित्र पुन्हा एकदा, या वेळी थोडे अधिक उजळ करून, पाठवले जाते.

मागच्या पिढ्यांनी रुपयाला एवढ्यावरच सोडले नाही. माळव्यात आणि निमाडात रुपयांना कड्या डाकून त्यांच्या माळा करण्याची रीत होती. भिल्ल स्त्रियांच्या गळ्यांत असे रुपयांचे हार दिसत आणि मराठी घरांतही एखाददुसऱ्या राणीला बाळाच्या गळ्यात लोंबावे लागले. पुढे हार मोडला, कडी काढली, डाक घासून टाकला आणि रुपया पुन्हा ‘नाणे’ म्हणून बाजारात आला. कडी नेहमी राजाराणीच्या डोक्याच्या बरोबर वर, म्हणजे घड्याळातील बाराच्या जागी लावली जाई, जेणेकरून मुद्रा सरळ लोंबावी. त्यामुळे या जागी कडेवरच्या उभ्या रेघा पुसट होणे, धातूचा रंग बदलणे किंवा किंचित फुगवटा दिसणे ही पूर्वाश्रमीच्या दागिन्याची लक्षणे होत. ऑनलाइन छायाचित्रांचा अभ्यास करणाऱ्याला लवकरच असे आढळते की नाणे धरणारा अंगठा सहसा याच बाराच्या जागी असतो. तो सहा वाजता असता तरी नाणे खाली पडले नसते. सराफांच्या खुणांचाही उल्लेख येथे करायला हवा : रुपयाच्या पोटात तांबे नाही ना, हे पाहण्यासाठी सराफ त्यावर छिन्नीचा बारीक घाव किंवा आपल्या दुकानाचा शिक्का मारीत, आणि एखाद्या फिरतीवरच्या रुपयाच्या अंगावर असे पाचसहा घाव सापडतात. शंभर वर्षांपूर्वी ज्या खुणेमुळे नाणे खरे ठरे त्याच खुणेमुळे आज त्याची किंमत निम्म्यावर येते, आणि हा घाव मारणाऱ्याच्या वंशजाकडेच ते पुन्हा विकायला नेले तर तो सर्वांत आधी त्या घावाकडेच बोट दाखवतो.

पूर्वी गिऱ्हाईक नाणे वाजवून घेई. चांदीचा नाद दीर्घ आणि स्वच्छ असतो, शिशाचा किंवा हिणकस मिश्रणाचा बद्द असतो, एवढे ज्ञान बाजारात भाजी घेणाऱ्यालाही असे. ऑनलाइन व्यवहारात नाद गेला म्हणून काही कळकळीचे विक्रेते रुपया फरशीवर टाकून त्याचा आवाज ऐकवणारा व्हिडिओ पाठवतात. त्यातून रुपया अस्सल असल्याची खात्री पटते आणि त्याच क्षणी कडेला पोचा पडून तो एक पायरी खाली उतरतो. कड हा तसाही सर्वांत उपेक्षित भाग आहे. छापा आणि काटा यांची छायाचित्रे सगळेच देतात, पण ओतीव नकलेचा सांधा, बुडबुड्यांची भोके आणि कानशीने काढलेल्या नव्या रेघा या कडेलाच सापडतात, आणि कडेचे छायाचित्र मागणारा ग्राहक विक्रेत्याला संशयी, छिद्रान्वेषी आणि बहुधा सेवानिवृत्त वाटतो. महूत हा तिसरा तर्क पुष्कळदा बरोबर निघतो.

राजाच्या मुद्रेवर झीज कोठे पाहावी, याचेही नियम ठरलेले आहेत. ठशात जो भाग सर्वांत उंच तो सर्वांत आधी झिजतो, म्हणून राणी व्हिक्टोरियाच्या बाबतीत भुवई, कानावरचे केस, गळ्यातला हार आणि पोशाखावरचे नक्षीकाम पाहतात. पंचम जॉर्जच्या बाबतीत त्याच्या झग्यावरच्या साखळीतील हत्ती पाहतात, आणि या हत्तीचा इतिहास नाणेशास्त्रातील गंभीर प्रकरणांपैकी एक आहे. १९११ साली या राजाचे पहिले रुपये निघाले तेव्हा त्यांवरच्या हत्तीची सोंड इतकी आखूड उतरली होती की लोकांना तो डुक्कर वाटला. हिंदू आणि मुसलमान दोघेही नाराज झाले, टाकसाळीने ते रुपये मागे घेण्याची तजवीज केली आणि १९१२ पासून ठसा बदलून निःसंशय हत्ती बसवला. या सुधारणेत एकच उणीव राहिली : सुधारलेला हत्तीही वीस-पंचवीस वर्षांच्या चलनानंतर सोंडेकडून झिजत झिजत पुन्हा पूर्वपदावर येतो. त्यामुळे अंधूक छायाचित्रात हत्ती आहे की डुक्कर, हा प्रश्न प्राणिशास्त्राचा नसून अवस्थेचा असतो, आणि ‘डुक्कर रुपया, अतिदुर्मीळ’ अशी जाहिरात असलेल्या नाण्यावर साल १९१८ असेल तर तो फक्त दमलेला हत्ती आहे, हे ओळखून पुढे जावे.

सालही कधी कधी भिंगाखाली घ्यावे लागते. राणीच्या रुपयांवर १८६२ हे साल १८७४ पर्यंत तसेच ठेवण्यात आले आणि या काळात मुंबईच्या टाकसाळीने खरे वर्ष सुचवण्यासाठी सालाच्या आसपास बारीक ठिपके घालण्याची युक्ती केली. त्यांतील काही ठिपक्यांच्या रचना दुर्मीळ असल्याने संग्राहक छायाचित्र फुगवून फुगवून ठिपके मोजतात. पाचवा ठिपका टाकसाळीचा की गेल्या दिवाळीच्या कुंकवाचा, यावर दोन जाणत्या माणसांत मतभेद होऊ शकतो, आणि विक्रेता नेहमी टाकसाळीच्या बाजूने असतो.

होळकरी रुपयापुढे आतापर्यंतचे बरेच नियम गुंडाळून ठेवावे लागतात. यंत्रावर पाडलेल्या रुपयाची चकती आणि ठसा एका मापाचे असतात. हाताने घण मारून पाडलेल्या होळकरी रुपयात ठसा मोठा आणि चकती लहान असल्याने मजकुराचा काही भाग जन्मतःच नाण्याबाहेर राहिलेला असतो. त्यावरचा फारसी मजकूर दिल्लीच्या शाह आलम बादशहाच्या नावाने आहे आणि १८०६ साली बादशहा वारल्यानंतरही कित्येक दशके तो तसाच छापला जात होता; सूर्यमुख, शिवलिंग, बेलपान या चिन्हांवरून तो होळकरांचा म्हणून ओळखायचा. अशा नाण्याला ७० पैकी अंक देण्यापेक्षा चकतीवर काय काय आले आहे हे पाहणे अधिक शहाणपणाचे आहे : चिन्ह पूर्ण आहे का, साल दिसते का, टाकसाळीचे नाव, उदाहरणार्थ मल्हारनगर, थोडे तरी वाचता येते का. ठसा हलका पडणे आणि नाणे झिजणे यांतील फरकही येथेच कळतो, आणि तो समजून घेणे हिताचे आहे. हलक्या ठशाच्या जागी तपशील नसतो, पण चकतीचा मूळ खरखरीतपणा आणि कातडी शाबूत असते. झिजलेल्या जागी तपशीलही नसतो आणि कातडीही नसते, ती जागा गुळगुळीत व निस्तेज होते आणि तिचा रंग शेजारच्या भागाहून वेगळा दिसतो. विक्रेत्यांच्या मते जगातील सर्व गुळगुळीत होळकरी रुपये हलक्या ठशाचे आहेत. झिजलेला एकही नाही. होळकरांच्या राज्यात घण मारणारे सगळेच इतके अशक्त कसे होते, हा प्रश्न इतिहासकारांनी अद्याप हाती घेतलेला नाही.

या घराण्याची पुढची नाणी ग्राहकाला थोडी सोपी जातात. शिवाजीराव होळकरांची बसलेल्या नंदीची तांब्याची नाणी आणि त्यांची स्वतःची छबी असलेला रुपया यंत्रावरचे आहेत. दुसऱ्या यशवंतरावांचे १९३५ चे तांब्याचे पाव आणे आणि अर्धे आणे तर आजही घराघरांत सापडतात. मात्र तांबे हवेशी आणि घामाशी अधिक बोलते, म्हणून हिरवी पूड धरलेला भाग छायाचित्रात दिसतो का ते पाहावे. नसला तर छायाचित्र जाणूनबुजून लालसर केले आहे का तेही पाहावे. पहिल्या यशवंतरावांनी १८०६ साली, म्हणजे शके १७२८ मध्ये, संस्कृत श्लोक असलेला जो प्रसिद्ध रुपया पाडला तो इतका दुर्मीळ आहे की तो ‘घरातील जुनी वस्तू, तातडीने विकणे आहे’ या सदरात दिसला तर त्याच्या अवस्थेची चिकित्सा करण्याची गरजच उरत नाही.

अवस्थेची चिकित्सा जेथे व्यर्थ ठरते अशा नाण्यांचा एक मोठा वर्ग आहे, आणि त्याचे आवडते साल १८१८ आहे. एका बाजूला राम-लक्ष्मण-सीता किंवा हनुमान, दुसऱ्या बाजूला ‘ईस्ट इंडिया कंपनी’ आणि ‘अर्धा आणा’ किंवा ‘एक आणा’ असा इंग्रजी मजकूर, साल १८१८, क्वचित १७१७ किंवा चक्क १६१६ : ही नाणी कंपनीने कधी पाडली नाहीत. सर्व मुलखासाठी एकसारखी नाणी कंपनीने १८३५ पासून काढली आणि त्यांवर हनुमान नव्हता. पेशवाई ज्या साली बुडाली आणि महूची छावणी ज्या साली वसली, तेच साल नकली नाणी पाडणाऱ्यांनी निवडावे, यात मराठी माणसाची जुनी जखम ओळखण्याचे व्यापारी कौशल्य दिसते. या वर्गातील अधिक महत्त्वाकांक्षी नाणी तांदूळ ओढतात, असे सांगितले जाते; त्यांत म्हणे आकाशातील वीज किंवा इरिडियम असते आणि परदेशी अवकाशसंस्था त्यांसाठी कोट्यवधी रुपये मोजायला तयार असतात, फक्त आधी तपासणीचे शुल्क भरावे लागते. उलट दिशेची फसवणूकही आहे : ग्राहकाच्या खिशातील वैष्णोदेवीच्या चित्राच्या २०१२ च्या पाच रुपयांच्या नाण्याला लाखो रुपये देऊ करणारा सज्जन भेटतो आणि नोंदणीसाठी काही हजार मागतो. रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर निवेदन काढून सांगावे लागले की अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही, ती त्यासाठी कोणतेही शुल्क घेत नाही आणि तिने कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही. निवेदनानंतर फसवणाऱ्यांच्या पत्रांवरील बँकेचे बोधचिन्ह अधिक सुबक झाले असल्यास आश्चर्य नाही.

एवढे सगळे पार करून नाणे निवडले, पैसे गेले आणि टपालाने पुडके आले, तरी परीक्षा संपत नाही. परत करण्याच्या अटीत ‘पुडके फोडतानाचा न थांबवलेला व्हिडिओ’ असतो. म्हणून घरातील एक व्यक्ती मोबाइल धरते, दुसरी कात्री चालवते आणि तिसरी दोघांनाही सूचना देते. विक्रेत्याने नाणे पुठ्ठ्यात घालून वर चिकटपट्टीचे इतके वेढे दिलेले असतात की कात्रीचे टोक केव्हा ना केव्हा आत पोहोचतेच. ‘अहो, हळू!’ हा उद्गार व्हिडिओत स्पष्ट ऐकू येतो, आणि त्यानंतर दिसणारा ओरखडा आधीचा की आत्ताचा, या मुद्द्यावर विक्रेता तोच व्हिडिओ ग्राहकाविरुद्ध पुरावा म्हणून वापरतो.

या कटकटीवर उपाय म्हणून काही जण ‘स्लॅब’ केलेलीच नाणी घेतात. स्लॅब म्हणजे १९८० च्या दशकात अमेरिकेत निघालेल्या श्रेणी ठरवणाऱ्या कंपन्यांनी नाणे तपासून, त्याला अंक देऊन, कायमचे बंद केलेली पारदर्शक प्लास्टिकची पेटी. तिच्यावर एक क्रमांक असतो आणि तो कंपनीच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. तो पडताळावाच, आणि तेथील छायाचित्र हातातल्या नाण्याशी ओरखड्यागणिक जुळवावे, कारण नकली नाण्यांबरोबर नकली पेट्याही बाजारात आल्या आहेत. आपल्याच घरातला रुपया परदेशी पाठवून अंक मिळवू म्हटले, तर शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि खाजगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. त्याहून नव्या नाण्याला शुल्क, विमा आणि टपाल मिळून चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला असा हिशेब होतो. तरीही हौशी माणसे स्लॅब घेतात, घरी आणतात आणि आता तरी रुपया चिंचेपासून, रांगोळीपासून व पंचामृतापासून सुटला म्हणून निश्चिंत होतात. पुढच्या लक्ष्मीपूजनाला तो पेटीसकट पाटावर जातो. प्लास्टिकवर पाणी शिंपडले तर चालते का, यावर घरात थोडी चर्चा होते, आणि अखेर राणीच्या कपाळाच्या नेमक्या वर, पेटीच्या पृष्ठभागावर, हळदकुंकवाचे बोट टेकवले जाते. दुसऱ्या दिवशी ते ओल्या फडक्याने पुसताना प्लास्टिकवर ज्या बारीक समांतर रेघा उमटतात, त्या पुढे विक्रीच्या छायाचित्रात नाण्यावरच आहेत असे दिसते, आणि ग्राहक कडेचे छायाचित्र मागतो.